जुन्या बुलेटच्या इंजिनातील ‘ठक-ठक’: क्रँक खोलण्याआधी घरी काय तपासावे?

कृष्णाकाठ (वाई)

नमस्कार. वडिलांनी १९८९ साली घेतलेली बुलेट ३५० गेली सहा वर्षे मी चालवतो आहे. इंजिन ओतीव लोखंडाच्या सिलिंडरचे, गिअर उजव्या पायाला, मागचा ब्रेक डाव्या पायाला आणि इग्निशन पॉइंटचे. गाडी एरवी उत्तम चालते, दुसऱ्या किकला सुरू होते आणि धूर काढत नाही. मात्र दोन महिन्यांपासून इंजिनाच्या खालच्या बाजूने ‘ठक-ठक’ असा जड आवाज येऊ लागला आहे आणि त्यामुळे मी फार अस्वस्थ आहे.

आवाजाचे वर्णन शक्य तितके नेमके करतो. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे तो जाणवत नाही. इंजिन तापून आयडलिंगला स्थिरावले की स्पष्ट ऐकू येतो. रेस थोडी वाढवली की नाहीसा होतो आणि सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरच्या वेगात मुळीच नसतो. पसरणी घाट चढताना वेग उतरला आणि तरीही मी तिसऱ्याच गिअरमध्ये गाडी रेटत राहिलो, तर तो परत येतो. क्लच दाबल्यावर आवाज किंचित बदलतो, पण थांबत नाही.

येथील एका मिस्त्रींनी मिनिटभर ऐकून ‘बिगेंड गेला, क्रँक खोलावी लागेल’ असे सांगितले. बिगेंड म्हणजे पिस्टनचा रॉड खाली जिथे क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, जोडलेला असतो तो सांधा. त्यांच्या अनुभवाविषयी मला शंका नाही. परंतु वडिलांच्या हातची ही गाडी असल्यामुळे, पूर्ण खात्री झाल्याशिवाय तिचे क्रँककेस उघडण्यास माझे मन तयार होत नाही. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली मोकळीक) आणि पॉइंट मी स्वतः लावतो, घरी पाने आणि फीलर गेज (बारीक फट मोजण्याच्या पट्ट्या) आहेत. दोष खरोखर बिगेंडचाच आहे की अन्य कशाचा, हे घरच्या घरी कसे ठरवावे?

लोखंडी सिलिंडर (कोल्हापूर)

आपण आवाज कधी येतो आणि कधी जातो हे इतके बारकाईने लिहिले आहे की अर्धे निदान त्यातच झाले आहे. बिगेंड झिजला आहे की नाही हे मी इथे बसून सांगू शकत नाही, परंतु आपल्या वर्णनातील एक गोष्ट त्या निष्कर्षाशी जुळत नाही. झिजलेल्या बिगेंडचा ठोका भार आणि उष्णता यांच्याबरोबर वाढतो. तेल तापून पातळ झाले की तो जड होतो आणि मध्यम वेगात, विशेषतः थ्रॉटल उघडताना व मिटताना, ठळक ऐकू येतो. आपला आवाज मात्र रेस वाढवताच जातो. जो आवाज फक्त संथ फिरणाऱ्या इंजिनात येतो, तो बहुतेक वेळा क्रँकच्या आत नसून क्रँकवर बसवलेल्या एखाद्या सैल वस्तूचा असतो.

याचे कारण या इंजिनाच्या घडणीत आहे. ३४६ घनसेंटिमीटरचा हा एकच सिलिंडर, बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. क्रँकच्या प्रत्येक दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो, त्यामुळे स्फोटाच्या वेळी क्रँक झटक्याने पुढे जाते आणि पुढच्या कॉम्प्रेशनला ती अडखळते. आयडलिंगला ही पुढे-मागे होणारी ओढ सर्वांत मोठी असते. क्रँकच्या डाव्या टोकावर, प्रायमरी चेनच्या (इंजिनाची फिरकी क्लचला देणाऱ्या साखळीच्या) कव्हरमध्ये, वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरचा जड चुंबकी रोटर एका चावीवर (शाफ्टच्या खाचेत बसणाऱ्या लहान धातूच्या तुकड्यावर) आणि नटावर बसलेला आहे. तो नट सैल झाला की रोटर प्रत्येक झटक्याला चावीवर आपटतो, आणि तो ठोका शाफ्टमधून संपूर्ण क्रँककेसमध्ये घुमत असल्यामुळे हुबेहूब बिगेंडसारखा ऐकू येतो. इंजिनाने वेग घेतला की फिरणे समान होते आणि आवाज मिटतो. चढावर मोठ्या गिअरमध्ये इंजिन रखडवले की तोच झटका पुन्हा सुरू होतो. आपल्या पसरणी घाटातील अनुभवाशी हे तंतोतंत जुळते.

म्हणून प्रथम एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्या, त्याचे टोक इंजिनावर टेकवा आणि मूठ कानाच्या पुढच्या हाडावर दाबून धरा. गाडी मोकळ्या अंगणात उभी करा. बंद पडवीत इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतू शकते, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. टोक आधी उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरवर, मग सिलिंडरच्या मुळाशी, मग क्रँककेसच्या दोन्ही अंगांना आणि शेवटी डावीकडच्या प्रायमरी कव्हरच्या पुढच्या भागावर टेकवा. प्रत्येक ठिकाणी निदान अर्धा मिनिट ऐका. जिथे आवाज मोठा वाटतो त्यापेक्षा जिथे तो धारदार आणि जवळचा वाटतो ती जागा खरी, कारण कास्टिंगमधून आवाज लांबवर पसरतो पण पसरताना बोथट होतो.

आणखी एक प्रश्न विचारतो आणि त्याचे उत्तर फार महत्त्वाचे आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत डाव्या बाजूचे कव्हर कोणत्याही कामासाठी उघडले गेले होते का?

वर्कशॉप शिक्षिका (नाशिक)

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा विषय शिकवते. वर सांगितलेल्या स्क्रू-ड्रायव्हरच्या पद्धतीला एक जोड देते, कारण ‘कुठून येतो’ या प्रश्नाइतकाच ‘कोणत्या लयीत येतो’ हा प्रश्नही निर्णायक असतो. माझ्या अनुभवात विद्यार्थी पहिल्या प्रश्नावर तासभर घालवतात आणि दुसरा विचारतच नाहीत.

चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. सायलेन्सरमधून येणारा प्रत्येक ‘डुग’ म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्या. तेव्हा सायलेन्सरचा ठेका हाच आपला घड्याळाचा काटा समजायचा. प्रत्येक ‘डुग’ला एकच ठोका येत असेल तर तो टॅपेट, व्हॉल्व्ह, पिस्टन किंवा स्फोटाच्या दाबाखाली येणाऱ्या बिगेंडचा असू शकतो. प्रत्येक ‘डुग’ला दोन ठोके पडत असतील तर संशय क्रँकवर बसलेल्या वस्तूंकडे, म्हणजे रोटर किंवा इंजिन स्प्रॉकेटकडे, वळवावा. ठोके अनियमित असतील, मध्येच गळत आणि मध्येच दाटत असतील, तर प्रायमरी चेन सैल होऊन कव्हरच्या आत फडकते आहे असे समजावे, कारण चेनची लांबी आणि क्रँकची फेरी यांचा मेळ प्रत्येक फेरीला सारखा बसत नाही.

बुलेटचे आयडलिंग जुन्या पद्धतीने मिनिटाला ६०० फेऱ्यांपर्यंत उतरवले तर सेकंदाला पाच ‘डुग’ होतात. इतकी गती कानाला मोजता येत नाही, पण मोबाइलला येते. फोन इंजिनापासून हातभर अंतरावर धरून अर्धा मिनिट ध्वनिमुद्रण करा आणि ते एक चतुर्थांश वेगाने ऐका. मग सेकंदाला सव्वा ‘डुग’ उरतो आणि त्यांच्यामध्ये किती ठोके पडतात हे कोणालाही मोजता येते. फोन एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे धरून दोन मुद्रणे करावीत.

यानंतर एक सोपी चाचणी करा. इंजिन तापलेले आणि आवाज चालू असताना इग्निशनची चावी बंद करा आणि क्रँक थांबेपर्यंतच्या त्या एक-दोन सेकंदांत कान देऊन ऐका. स्फोट थांबताक्षणी ठोकाही थांबला तर तो स्फोटाच्या भाराशी बांधलेला आहे, म्हणजे पिस्टन, पिस्टन पिन किंवा बिगेंड. क्रँक मंदावत असतानाही एखाद-दुसरा ठोका पडला तर दोष भाराशी संबंधित नसण्याची शक्यता अधिक. ही चाचणी एकदा करून निर्णय घेऊ नये. पाच-सहा वेळा करावी.

पिस्टनचा आवाज वेगळा काढणेही अवघड नाही. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा आणि सिलिंडर लोखंडाचा असल्यामुळे तापल्यावर पिस्टन अधिक फुगतो आणि दोघांमधली मोकळीक कमी होते. म्हणून झिजलेला पिस्टन थंडपणी खडखडतो आणि गरम झाल्यावर शांत होतो. आपला आवाज उलट वागतो, त्यामुळे पिस्टनला आपण सध्या निर्दोष मानू शकतो.

घाटमाथा (डोंबिवली)

वरील दोन्ही उत्तरे मला पटली, तरी एका गोष्टीवर कोणीच बोट ठेवले नाही म्हणून लिहितो. आवाज ऐकण्यासाठी इंजिन पुन्हा पुन्हा चालू करण्याआधी तेल नीट फिरते आहे याची खात्री करा. माझ्या आधीच्या बुलेटचा बिगेंड खरोखर गेला होता, आणि तो गेला कारण तेल वर पोहोचत नव्हते. मी मात्र आठ दिवस रोज संध्याकाळी अंगणात इंजिन चालू करून, आवाज कशाचा असेल याचा अंदाज बांधत बसलो. त्या आठ दिवसांत रॉड, बुश आणि क्रँक पिन असे सगळेच निकामी झाले. हे टाळता आले असते याची मला आजही हळहळ वाटते.

या इंजिनात तेलाची टाकी क्रँककेसमध्येच ओतलेली असली तरी व्यवस्था ड्राय सम्पची आहे. एक पंप तेल बिगेंडकडे पाठवतो आणि दुसरा खाली साचलेले तेल परत टाकीत आणताना त्यातला काही भाग वर रॉकरकडे, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांकडे, देतो. इंजिन चालू असताना हेडवरच्या रॉकरच्या तेलनळीचा बँजो बोल्ट (नळी हेडला जोडणारा पोकळ बोल्ट) थोडासा सैल करा. तेल पाझरू लागले तर निदान परतीचा पंप काम करतो आहे. तेलाचा थेंबही आला नाही तर इंजिन त्याच क्षणी बंद करा आणि आवाजाचा शोध बाजूला ठेवून आधी पंप उघडा. गाडी बरेच दिवस उभी असेल तर टाकीतले तेल हळूहळू खाली सम्पमध्ये उतरते. अशा वेळी पातळी कमी दिसते म्हणून लगेच तेल ओतू नये. इंजिन काही मिनिटे चालवून मगच पातळी पाहावी.

त्यानंतर तेल गरम असताना एका स्वच्छ पांढऱ्या सुती कापडातून गाळून काढा आणि कापड उन्हात धरून पाहा. लोहचुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे असतात. न चिकटणारे चकचकीत पांढरे कण दिसले तर ते पिस्टनचे किंवा बिगेंडच्या बुशावरच्या मऊ धातूचे असू शकतात. जुन्या फिल्टरच्या घड्याही उघडून बघाव्यात. कापडावर नुसता काळा गाळ असेल तर निर्धास्त मनाने पुढच्या तपासाकडे वळा. चकाकी ठळक असेल तर मिस्त्रींचे म्हणणे खरे धरून चाला आणि गाडी एक किलोमीटरही चालवू नका.

कृष्णाकाठ (वाई)

सर्वांचे मनापासून आभार. शनिवार आणि रविवार याच कामाला दिले, त्याचा वृत्तांत देतो.

सर्वप्रथम तेल पाहिले. बँजो बोल्ट पाऊण फेरी सैल केल्यावर काही सेकंदांत तेल पाझरू लागले. तेल गाळलेल्या कापडावर काळपट गाळ होता, पण चकाकणारे कण आढळले नाहीत. चुंबकाला मिठाच्या दाण्याएवढे दोन-तीन कण चिकटले.

स्क्रू-ड्रायव्हरने ऐकताना टायमिंगच्या बाजूला टॅपेटची हलकी टिकटिक आणि गिअरची घरघर होती. सिलिंडरच्या मुळाशी ठोका ऐकू आला, पण बोथट. प्रायमरी कव्हरच्या पुढच्या भागावर टोक टेकवताच तो इतका जवळून आला की मी दचकलो. मोबाइलवरचे मुद्रण संथ करून ऐकले तेव्हा प्रत्येक ‘डुग’ला दोन ठोके स्पष्ट मोजता आले, त्यातला एक मोठा आणि दुसरा लहान. चावी बंद करण्याच्या चाचणीत सहापैकी चार वेळा क्रँक थांबता थांबता एक ठोका ऐकू आला.

आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. दीड वर्षापूर्वी चार्जिंग बंद पडल्यामुळे दुसऱ्या गावातल्या एका गॅरेजमध्ये स्टेटर (रोटरभोवतीचा अल्टरनेटरचा स्थिर भाग) बदलून घेतला होता, म्हणजे कव्हर तेव्हा उघडले गेले होते. आणखी एक गोष्ट आता आठवते. काही आठवड्यांपासून आयडलिंगला अँपिअर मीटरचा काटा थरथरतो. मी ते बॅटरीचे लक्षण समजत होतो. आता कव्हर उघडण्याचे ठरवले आहे. कोणती काळजी घ्यावी?

लोखंडी सिलिंडर (कोल्हापूर)

आपण मांडलेले सर्व पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा कव्हर अवश्य उघडा. ते मधल्या एकाच मोठ्या नटाने धरलेले असते, परंतु त्याआधी डावा फूटरेस्ट आणि ब्रेकचे पॅडल काढावे लागते. खाली पसरट परात ठेवा, कारण आतले तेल एकदम बाहेर येते. कव्हरच्या कडेचे रबरी सील पान्याने उचकटू नका. कव्हरला रबरी हातोडीने हलके ठोके द्या, ते सुटते.

आत गेल्यावर लगेच पाना लावू नका. आधी नुसत्या हाताने रोटर धरून मागे-पुढे हलवून पाहा. क्रँक न फिरता रोटर जराही हलला तर दोष सापडला. त्याच वेळी रोटरच्या मध्यभागी, शाफ्टच्या भोवती, तांबूस गाळ साचला आहे का तेही पाहा. दोन पोलादी पृष्ठभाग एकमेकांवर दीर्घकाळ घासले की असा गंजासारखा चुरा होतो.

नट नुसता आवळून कव्हर लावण्याची घाई मात्र कृपया करू नका. रोटर काढून चावी आणि शाफ्टमधली तिची खाच पाहणे आवश्यक आहे. चावीची कड दबली असेल तर नवी बसवल्याशिवाय नट टिकत नाही, काही शे किलोमीटरनंतर आवाज परत येतो. शाफ्टची खाच रुंद झाली असेल तर ते लेथवर काम करणाऱ्या चांगल्या कारागिराला दाखवावे लागेल. नट आवळताना गाडी चौथ्या गिअरमध्ये ठेवून मागचे चाक अडवावे लागते, आणि पॅडल तर आपण काढलेले असते; म्हणून सोबत्याला मागच्या चाकावरचा ब्रेकचा आर्म हाताने ओढून धरायला सांगा.

रोटर आणि स्टेटर यांमध्ये चहूबाजूंनी निदान ०.२ मिलिमीटर अंतर असावे. रोटर चुंबकी असल्यामुळे पोलादी फीलर गेज त्याला चिकटतो आणि माप फसवे येते, म्हणून पितळी पत्रा किंवा तेवढ्याच जाडीची प्लॅस्टिकची पट्टी वापरा. रोटर चार वेगवेगळ्या स्थितींत फिरवून हे अंतर तपासा. कव्हर उघडेच आहे तर प्रायमरी चेनही पाहा. वरच्या बाजूला बोटाने दाबल्यावर, जिथे ती सर्वांत घट्ट वाटते तिथे, सुमारे ६ मिलिमीटर हालचाल ठेवा. एकाच जागी पाहून चेन ताणली आणि ती जागा नेमकी सैल निघाली, तर दुसऱ्या जागी ती गरजेपेक्षा ताणली जाते आणि बेअरिंगवर अकारण ओढ बसते.

कृष्णाकाठ (वाई)

काम पूर्ण झाले. रोटरचा नट पाना न लावता, केवळ बोटांनी फिरला. नटाखाली असायला हवा तो लॉक वॉशर मुळात बसवलेलाच नव्हता. शाफ्टभोवती आपण म्हटले होते तसा तांबूस, तेलात कालवलेला गाळ होता. चावीची एक कड दबून तिरपी झाली होती. शाफ्टची खाच मात्र शाबूत आहे, हे नवी चावी हाताने घट्ट बसली त्यावरून कळले. चुंबकाला चिकटलेले कण इंजिनाच्या तेलातले होते आणि प्रायमरीचे तेल वेगळे असते, तेव्हा त्यांचा या चावीशी संबंध नसावा. ते दोन-तीन कण इतक्या जुन्या इंजिनात मी सामान्य मानतो, पण पुढच्या तेलबदलाला कापड पुन्हा पाहीन.

नवी चावी, नवा वॉशर, चहूबाजूंनी अंतर तपासून बसवलेला स्टेटर आणि योग्य ताणलेली चेन एवढे करून कव्हर लावले आणि पातळीच्या स्क्रूमधून ठिबकेपर्यंत तेल भरले. इंजिन पूर्ण तापवून आयडलिंगला आणले. ठोका नाही. अँपिअर मीटरचा काटाही स्थिर आहे. काल पसरणी घाटात मुद्दाम तिसऱ्या गिअरमध्ये वेग उतरू दिला, तरीही आवाज आला नाही. पाचगणीच्या अलीकडे गाडी कडेला घेऊन मी बराच वेळ नुसते आयडलिंग ऐकत थांबलो होतो.

ठोका गेल्यामुळे आता टॅपेटची टिकटिक अधिक स्पष्ट कानावर येते. ती शून्यावर आणावी का?

वर्कशॉप शिक्षिका (नाशिक)

फार आनंद झाला. टिकटिक पूर्ण घालवण्याच्या मागे लागू नये. या इंजिनात टॅपेट थंड इंजिनावरच लावायचे असतात. प्लग काढून कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला पिस्टन आणा. तिथे दोन्ही पुशरॉड (कॅमची हालचाल वर रॉकरला देणाऱ्या दांड्या) बोटांनी सहज गोल फिरले पाहिजेत आणि वर-खाली मात्र हलता कामा नयेत. यापेक्षा घट्ट केल्यास आवाज जातो खरा, परंतु व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जाते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. लॉक नट आवळताना माप बदलते, म्हणून आवळून झाल्यावर पुशरॉड पुन्हा फिरवून पाहावा.

मापात असूनही टिकटिक राहिली तर सायलेन्सरचा बेंड पाइप हेडला जिथे मिळतो तिथे काजळीचा काळा पट्टा आहे का ते पाहा. त्या सांध्यातून फुंकणारी हवा हुबेहूब टॅपेटसारखी वाजते, आणि तिच्यापायी टॅपेट नको तितके घट्ट केलेली अनेक इंजिने आमच्या वर्कशॉपमध्ये आलेली आहेत.

कृष्णाकाठ (वाई)

पुशरॉड मापात आहेत. सांध्याजवळ मात्र बोटभर लांबीचा काळा पट्टा दिसला, तो पाइप येत्या रविवारी उतरवतो. रोटरचा नट ५०० किलोमीटरनंतर कव्हर उघडून पुन्हा तपासणार आहे आणि काय आढळले ते इथेच लिहीन.